लाबूश पुलापलीकडे

पादोव्हाजवळ, १६ मार्च २००३

सफ्ता आत्या,

मी धडधाकट आहे, पोटभर जेवतोय आणि काम मिळालंय. एवढं आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तू श्वास घेऊन वाचशील.

बांधकामावरचं सोडलं. हो, तेही सोडलं. दिवसभर एकाच भिंतीकडे बघून माझं डोकं भणभणायचं. पण आता जिथे लागलोय तिथून हलावंसं वाटत नाही. इथले लोक सुट्टीवर जाताना आपली कुत्री एका बाईकडे ठेवून जातात. कुत्र्यांची खानावळच म्हण. ओर्नेल्ला बाई म्हणजे मालकीण. मी पिंजरे धुतो, खायला घालतो, आणि सकाळ-संध्याकाळ एकेकाला दोरीला धरून शेतांमधून फिरवून आणतो. चालायचा पगार मिळतो, आत्या. शाळेत मी बाकावर टिकायचो नाही म्हणून मास्तर मला अंगणाला फेऱ्या मारायला लावायचे. माझं खरं शिक्षण तेच होतं, हे आता कळलं.

इथे आल्यावर मला आपल्या लाबूशचं वाईट वाटायला लागलंय. लहानपणापासून साखळीला. आपण म्हणायचो, रात्रभर भुंकतो, स्वभावच तापट. बाई म्हणते, तापट वगैरे काही नसतं, जे कुत्रं दिवसा चालत नाही ते रात्री भुंकतं. तेव्हा तू त्याला रोज थोडं फिरव. दोरी बांध आणि ने.

इथून गावाकडे सामान नेणाऱ्या दोरिनच्या गाडीतून कॉफी पाठवतोय, आणि लाबूशसाठी एक डबी. आत छोट्या नळ्या आहेत, गोचिड्या आणि पिसवांवरचं औषध. दर महिन्याला एक. मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मधोमध केस बाजूला करायचे आणि कातडीवर ओतायचं. त्याची जीभ पोचणार नाही अशी जागा. पुढचे दोन दिवस आंघोळ नाही.

त्याला सांग मी विचारलंय. हसू नकोस, सांग.

साविन


सिरेतकाठ, ६ एप्रिल

साविन बाळा,

कॉफी पोचली. लाबूशला बघून दोरिन गाडीतून उतरलाच नाही, पिशवी फाटकावरून आत टाकली. पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा जीव भांड्यात पडला, दुसऱ्यांदा हसू आलं. कुत्री फिरवायला माणूस ठेवतात? त्या लोकांना स्वतःचे पाय नाहीत का?

तुझी आई गेल्यापासून तुझं सगळं मी ऐकत आले, म्हणून तू काहीही सांगतोस. दोरी बांधून फिरव म्हणे. कुठे वाढलास ते विसरलास? आपल्याकडे दोरी बांधून कुत्र्याला रस्त्याने नेतात ते एकाच कामाला. पामफिलने त्याचं म्हातारं कुत्रं तसंच नेलं होतं, पुलापलीकडे, बंदूकवाल्या वनरक्षकाकडे. येताना हातात नुसती दोरी. तू केवढासा होतास. पुलाच्या कठड्यापाशी जाऊन बसलास तो जेवायला उठेनास. मी तुला खांद्यावर टाकून घरी आणलं. आता त्याच रस्त्याने मी लाबूशला घेऊन निघाले, तर फाटकापुढच्या बाकावर बसलेली आग्लाया काय म्हणेल? तिला तर एवढंसं पुरतं.

कुत्रं खातंय, पितंय. मक्याच्या पिठाची मामालिगा दिली की ताटली चाटून लख्ख करतो. त्याच्या खोपटातलं गवत बदललं, खाली वाळलेली अक्रोडाची पानं आणि कडू दवणा टाकला, पिसवा राहत नाहीत. कानामागे रॉकेलचा बोळाही फिरवला. तुझ्या नळ्या जिथे असायला हव्यात तिथे आहेत, काळजी नको.

ईस्टरला अंडी रंगवीन तेव्हा तुझ्या नावाचं एक ठेवीन. आणि गावातल्या दुकानात फोन लावत जाऊ नकोस. तिथे मी एक वाक्य बोलते आणि गाव चार ऐकतं.

आत्या


पादोव्हाजवळ, २० एप्रिल

आत्या,

औषध लावलंस, बरं झालं. माझा अर्धा भार उतरला. या वर्षी थंडी लवकर सरलीय, गवत वाढलं की गोचिड्या सुटतील. पण रॉकेल बंद कर, तुझ्या पाया पडतो. कातडी जळते त्याची. चाटलं तर पोट बिघडतं. गोचीड दिसली तर तेल नको, काडीचा चटका नको, पिरगाळायची नाही. कातडीला अगदी चिकटून पकडायची आणि सरळ ओढायची.

आता फिरवायचं. आग्लायाला काय वाटेल याची काळजी तू कधीपासून करायला लागलीस? आजोबांच्या अंत्यविधीला आलेल्या पाद्र्याला तू "आवाज वाढवा, मागे ऐकू येत नाही" म्हणाली होतीस, ही गोष्ट अजून सांगतात.

इथे एक कुत्री आहे, तिच्या मालकाला कळेना ती सोफे का फाडते. मी तिला दोन आठवडे कालव्याच्या कडेने पळवली. आता मालक विचारतो, तुम्ही हिला झोपेचं औषध देता का? मला तिचं चांगलं कळतं, आत्या. मला जर कोणी घरात डांबलं असतं तर मीही सोफेच फाडले असते.

तेव्हा पहाटे जा, बाकावर कोणी नसताना. पहिल्या दिवशी चर्चपर्यंतच. मग पुलाच्या अलीकडच्या कुरणात ने आणि तिथे सोड. तो येतो परत, हाकेला येतो, मी शिकवलंय. ऊन चढायच्या आत घरी. आल्यावर कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या बघ.

एकदा करून बघ. नाही आवडलं तर मला शिव्या दे.

साविन


सिरेतकाठ, ११ मे

साविन,

शिव्या द्यायलाच बसले होते, पण आता द्याव्याशा वाटत नाहीत.

पहिल्या दिवशी तुझ्या लाबूशने मला पाण्याच्या चरात पाडलं. दुसऱ्या दिवशी पाद्रीबाबांच्या बदकांत नेलं. पहाटे बाकावर कोणी नसतं हे तुला कोणी सांगितलं? आग्लाया काय झोपते? म्हणाली, "सफ्ता, काय केलं गं त्याने?"

म्हटलं, "काही नाही. पाय मोकळे करायला नेतेय."

"कोणाचे?"

"त्याचे."

तिने छातीवर क्रूस काढला. म्हणाली, "पोराला कळवलंस का?" मी म्हटलं, पोरानेच सांगितलंय. तर म्हणे, "परदेशात गेलं की माणसं अशी दगड होतात." आता तूच सांग, हिच्याशी काय बोलणार.

पण कुरणात सोडला ना, बाळा. आधी उभाच राहिला. साखळी जिथवर पुरते तेवढाच गेला आणि थांबला, मागे वळून माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, जा रे. मग जो सुटला. गवत एवढं उंच की तो दिसायचा नाही, नुसता वाऱ्यासारखा एक पट्टा इकडून तिकडे जायचा. मी एकटीच उभी राहून हसत होते. आग्लायाने ते पाहिलं असतं तर दुसरा क्रूस काढला असता.

आता रोज जातो. रात्री भुंकत नाही. पहिल्या रात्री आवाज नाही म्हणून मीच दोनदा उठून बघून आले.

गोचिड्या मात्र पुष्कळ येतात अंगावर. तू सांगितलंस तशा ओढते आणि चुलीत टाकते, तडतडतात मेल्या.

तू नीट जेव. आणि या बाईकडे टिक.

आत्या


पादोव्हाजवळ, १ जून

आत्या,

या वेळी मी कसा आहे ते लिहीत नाही.

दोरिनची गाडी दोनदा आली आणि तुझं पत्र नाही. आज गाडी थांबते त्या मैदानात सगळे आपापल्या पिशव्या घेत होते. मी सहज विचारलं, "लाबूश भुंकला का तुझ्यावर?"

तो म्हणाला, "भुंकायला होता कुठे?"

"म्हणजे?"

"साखळी मोकळी होती. मला वाटलं तुला ठाऊक असेल." मग इकडेतिकडे बघायला लागला. मी त्याला सोडलं नाही. शेवटी म्हणाला, "हे बघ, मला मध्ये घेऊ नकोस. मी तुझ्या आत्याला पुलावर पाहिलं. कुत्रं दोरीला होतं. मान खाली घालून चालत होतं बिचारं, ओढावं लागत होतं. संध्याकाळी मी परत येत होतो तेव्हा ती एकटी येताना दिसली. हातात नुसती दोरी."

नुसती दोरी, आत्या.

तू नको म्हणाली होतीस तरी मी दुकानात फोन लावला. आग्लायाच्या सुनेने उचलला. म्हणाली, "तुमची आत्या पुलापलीकडे गेलीय. हल्ली रोज जाते." मी विचारलं, कुत्रं? तिने आवाज खाली आणला. मग म्हणाली, "आम्ही काय बोलणार, तुमचं तुम्ही बघा."

तो चावला का कोणाला? बदक मारलं का? मारलं असेल तर मी भरून दिलं असतं. तुला जड होत होतं तर एक ओळ लिहायचीस. मी दुसरीकडे सोय केली असती, नाहीतर स्वतः आलो असतो. तू मला पुलावरून खांद्यावर टाकून आणलं होतंस. तूच त्या रस्त्याने कशी गेलीस? दोरिनचं बोलणं मी कितीदा फिरवून बघतो, प्रत्येक वेळी तेच येतं.

तो गेला असेल तर मला त्या घरी यायचं काही कारण राहिलं नाही. ओर्नेल्ला बाईला सांगितलंय की महिन्याअखेरीला काम सोडतोय. कुठे जाणार ते विचारू नकोस, मलाच माहीत नाही.

साविन


सिरेतकाठ, १० जून

साविन,

लाबूश जिवंत आहे. पुढचं वाचायच्या आधी कुठेतरी बस. हे पत्र लिहिताना तो माझ्या पायावर हनुवटी टाकून पडलाय आणि माझा पाय झोपलाय.

तुझं पत्र फाडलं नाही. चुलीत टाकलं. त्यात काय लिहिलं होतं ते मी कोणाला सांगणार नाही, तूही सांगू नकोस.

तर ऐक. मागचं पत्र टाकलं आणि आठवड्याभरात एके सकाळी तो उठला नाही. मामालिगेला तोंड लावेना. मला वाटलं उन्हाने असेल. दुसऱ्या दिवशी लघवी केली ती कॉफीसारखी काळी. गाईसाठी डॉक्टर बोलावतात आपल्याकडे, कुत्र्यासाठी कोणी बोलावत नाही, बोलावला तर तो येणारही नाही. म्हणून दोरी बांधली आणि निघाले. बाजारगावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे पूल ओलांडूनच जावं लागतं, दुसरा रस्ता कुठे आहे? तो चालेना. थोडं चालवायचं, थोडं थांबायचं, कठड्यापाशी तर मी त्याला उचलूनच घेतला. ते मात्र तुझ्या दोरिनला दिसलं नाही.

तिथे लोक गाई, वासरं, एक डुक्कर घेऊन बसलेले. डॉक्टरने विचारलं, "बाई, जनावर कुठाय?" मी म्हटलं, "हेच." सगळे हसले. डॉक्टर नाही हसला. त्याने ओठ वर केला. हिरड्या, साविन, मळलेल्या कणकेसारख्या पांढऱ्या. म्हणाला, गोचिडीने रक्तात रोग सोडलाय. "गोचिडीचं औषध लावता का याला?"

म्हटलं, "आहे."

"आहे का असं नाही विचारलं. लावलं का?"

"काचेच्या कपाटात आहे," म्हटलं.

आता तू चिडशील तर चीड. डबी एवढी सुंदर, वर सोनेरी अक्षरं, परदेशातून आलेली. मी ती चिनी मातीच्या माशाशेजारी ठेवली होती, कॉफीच्या पेल्यांपुढे. आल्यागेल्याला दाखवायची, माझ्या भाच्याने पाठवलंय. चांगली वस्तू कोणी साखळीच्या कुत्र्यावर ओततं का, असं वाटलं. जिथे असायला हवी तिथे आहे असं मी लिहिलं होतं, ते खोटं नव्हतं. माझ्या मते चांगल्या वस्तूची जागा तीच.

मला वाटलं आता हा डॉक्टर माझं काही शिल्लक ठेवणार नाही. तो म्हणाला, "माझ्या आईच्या कपाटात मी दिलेलं रक्तदाब मोजायचं यंत्र आहे. त्यावर तिने विणलेला रुमाल घातलाय." आणि सुई भरली.

त्याने लाबूशला ठेवून घेतलं. नळीने पाणी चढवायचं होतं. म्हणून मी एकटी परत आले, हातात दोरी घेऊन. बाकावरच्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या. मी तशीच पुढे निघून आले. बोलायला तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि आग्लायापुढे मी रडत नाही.

रोज जात होते ते त्याला बघायला. डॉक्टर म्हणायचा, ओळखीचा आवाज असला की पाणी पितो. मी तिथे बसून त्याला तुझी पत्रं वाचून दाखवायचे. दुसरं वाचायला होतं काय?

तुला का लिहिलं नाही विचारतोस. लिहायला बसले होते. "लाबूश" एवढं लिहिलं आणि त्याच्यापुढे काय लिहायचं तेच ठाऊक नव्हतं. आज वाईट लिहावं आणि गाडी तिकडे पोचेपर्यंत तो बरा व्हावा, किंवा बरं लिहावं आणि तो जावा. मग वाटलं, कळल्यावरच लिहू. तू तिकडे काय काय जुळवत बसशील हे माझ्या डोक्यात आलं नाही.

परवा डॉक्टर म्हणाला, न्या. तो स्वतःच्या पायांनी चालत आला. हळूहळू, पण शेपटी वर. भर दुपारी, बाक गच्च भरलेला. दोरी बांधून पुलापलीकडे नेलेलं कुत्रं दोरीसकट परत येताना आपल्या गावाने पहिल्यांदा पाहिलं. पामफिल टोपी काढून उभा राहिला, का ते त्यालाही ठाऊक नसावं. आग्लाया म्हणाली, "सफ्ता, हा तोच आहे ना?" म्हटलं, "नाही, बदलून आणला." मग ती रडली. मी तिला दोरी धरायला दिली. फाटकापर्यंत तिनेच आणला त्याला.

डॉक्टरला मी आपलं मोठं बदक नेऊन दिलं, तेच जे तुझ्या पोटऱ्या धरायचं.

काम सोडू नकोस. सोडलं असशील तर परत मागून घे.

आत्या


पादोव्हाजवळ, १५ जून

आत्या,

तू बस म्हणालीस म्हणून मी होतो तिथेच बसलो, पिंजऱ्यात, ओल्या फरशीवर. पहिली ओळ वाचली आणि बराच वेळ पुढे गेलोच नाही. सोफे फाडणारी ती कुत्री येऊन माझ्या मांडीवर चढली. ओर्नेल्ला बाई दारात आली. म्हणाली, "कोण गेलं?"

म्हटलं, "कोणी नाही गेलं."

"मग रडतोस कशाला?"

"म्हणूनच."

तिने पाण्याची बादली माझ्या हातून घेतली आणि उरलेले पिंजरे स्वतः धुतले. नंतर मी तिला म्हणालो, मी काम सोडणार नाही, चालेल का? ती म्हणाली, "मी दुसरा माणूस शोधला कुठे होता? तू दर महिन्याला जातोच म्हणतोस."

डबीवरून मी चिडलो नाही. चिडायला गेलो आणि तू ती आग्लायाला दाखवतेयस असं डोळ्यांपुढे आलं, मग राहूनच गेलं. त्या उंच गवतात त्याला पाठवणारा मीच. औषध लावलंय असं मी धरून चाललो आणि तू लिहिलंस की गोचिड्या पुष्कळ येतात, तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. औषध लावलेल्या कुत्र्यावर त्या एवढ्या टिकतात का? रोज दुसऱ्यांच्या कुत्र्यांवर तेच तर बघत असतो. आणि वर तुला जे लिहिलं. ते चुलीत गेलं, ठीक झालं.

मी दोन आठवडे नीट झोपलो नव्हतो. काल जेवल्यावर पडलो तो सकाळीच उठलो. अंगातून कोणीतरी खिळे काढल्यासारखं वाटतंय.

आता नीट ऐक. महिनाभर पळवायचं नाही त्याला, नुसतं चालवायचं, दमला की थांबायचं. रक्त भरायला वेळ लागतो. कापलेल्या गवताच्या कडेने ने, उंच गवतात नको. खायला थोडं थोडं, पण जास्त वेळा. मामालिगेत थोडी कलेजी घाल. डॉक्टर म्हणेल त्या दिवसापासून नळी सुरू कर, आधी त्याला विचार. नवी डबी पाठवतोय, ती तू शोभेला ठेव. जुनी वापर.

मी ऑगस्टमध्ये येतोय. राहायला नाही, बाई दोन आठवड्यांपेक्षा जास्त सोडत नाही. पण येतोय, तिकीट काढलं.

आणि रोज त्याचा ओठ वर करून हिरड्या बघ. तुझं पत्र लांबलचक नको, मला एकच कळव, रंग कसा आहे. तेवढं आलं तरी पुरे.

साविन


सिरेतकाठ, २९ जून

साविन बाळा,

गुलाबी.

बघायला ओठ वर केला तर त्याला वाटलं लाड चाललेत. उताणा पडला आणि पोट पुढे केलं. मी तशीच बसले खाजवत, चुलीवरचं दूध उतू गेलं.

आत्या